पायरसीची चिंता जरा बाजूला ठेव

अरे पहिला गेम काढतोयस ना, मग पायरसीवाल्यांना अडवायच्या नादात ज्याने पैसे मोजलेत त्यालाच चोर समजू नकोस, सगळ्यात मोठी चूक तीच असते. २०१३ चा सिमसिटी गेम आठवतोय का, एकट्याने खेळायचं असलं तरी इंटरनेट चालू पाहिजेच, आणि लाँचलाच सर्व्हर झोपले, विकत घेणारे लॉगिनच्या रांगेत ताटकळले. क्रॅकवाल्याला, म्हणजे संरक्षण तोडलेली फुकट कॉपी खेळणाऱ्याला, असला ऑनलाइन चेक लागतच नाही, तो चेक काढूनच तर कॉपी फिरते, म्हणजे शिक्षा कुणाला झाली बघ.

डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, लावायचंच असेल तर एकदाच ॲक्टिव्हेशन ठेव, पुढे ऑफलाइन चालू दे, आणि क्रॅक आला की पॅचमधून (अपडेटमधून) डीआरएमच काढून टाक, उगाच लोकांच्या मशीनवर ओझं कशाला. विचर ३ हा गेम तर २०१५ मध्ये जीओजी या ऑनलाइन गेम दुकानावर डीआरएमशिवायच आला होता आणि तुफान खपला.

स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीचा गेब नेवेल म्हणतो तसं पायरसी हा बराचसा सर्व्हिसचा प्रश्न आहे. क्लाउड सेव्ह, पटापट अपडेट, परवडेल अशी किंमत, विनाकटकट रिफंड, डेमो, हे दे.

गेम डेव्ह टायकून या गेम कंपनी चालवायच्या गेमवाल्यांनी भारी केलेलं, स्वतःच एक क्रॅक कॉपी सोडली, त्यात खेळणाऱ्याची कंपनी पायरसीमुळे बुडायची 😂 पण असले ट्रॅप जपून रे, चुकून खऱ्या गिऱ्हाईकाला लागला तर तो म्हणणार गेमच बगवाला आहे, आणि रिव्ह्यूत तसंच लिहिणार.