'अवयव' की 'भाग'?

२ चा ६७ वा घात वजा १ या २१ अंकी संख्येचे 'अवयव पाडले', असे एका वाचकाच्या वाचनात आले. संख्येला हातपाय नसताना 'अवयव' कशाला, सरळ 'भाग' का म्हणू नये आणि ते 'पाडायचे' का, असे त्यांनी विचारले आहे. 'भाग' म्हणू नये, कारण भागांची बेरीज होते आणि अवयवांचा गुणाकार : ४ आणि ६ हे १० चे भाग, तर २ आणि ५ हे १० चे अवयव. तरीही 'संख्येचे मूळ भाग' हा प्रयोग वारंवार कानी पडतो, आणि तो करणारेच बहुधा २१ अंकी संख्येला 'एवढा मोठा अंक' म्हणतात.

अवयव म्हणजे शरीराचे अंग, गणितात तो केवळ रूपकाने आला, असे सांगणारे पंडित अमरकोशातील 'अङ्गं प्रतीकोऽवयवः' पुढे करून चर्चा मिटवतात. अमरकोश पर्याय देतो, व्युत्पत्ती नव्हे, हे त्यांना कोणी सांगावे? या शब्दात 'यु' धातू आहे आणि धातुपाठात त्याचा अर्थ 'मिश्रणेऽमिश्रणे च' असा दिला आहे : जोडणे आणि वेगळे करणे, दोन्ही! गुणून जोडावे आणि भागून सोडवावे, ही दोन्ही कामे ज्याच्या पोटात आहेत, असा याहून नेमका धातू गणिताला मिळाला नसता. न्याय आणि वैशेषिक या दर्शनांतील 'अयुतसिद्ध' हा शब्दही याच धातूचा. तेथे 'युत' म्हणजे पृथक्, आणि जे परस्परांपासून पृथक् राहू शकत नाहीत अशांच्या जोड्यांत अवयव आणि अवयवी (अवयवांनी बनलेली वस्तू) ही जोडी मोजली जाते. माझ्या मते मूळ अवयवांचे, म्हणजे ज्यांचे आणखी अवयव पडत नाहीत अशांचे, याहून चांगले वर्णन नाही, कारण क्रम सोडला तर प्रत्येक संयुक्त (म्हणजे अवयव पडू शकणाऱ्या) संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. भाग मात्र हवे तसे करता येतात.

वाचकांच्या वाचनात आलेली ती संख्याही याला साक्ष आहे. १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही संख्या फ्रेंच गणिती मेर्सेनने १६४४ साली मूळ म्हणून सांगितली होती. फ्रेंच गणिती लुकासने १८७६ साली ती संयुक्त असल्याचे दाखवले, पण एकही अवयव हाती न लागता. म्हणजे अवयवी सिद्ध झाला आणि अवयव २७ वर्षे अदृश्य राहिले. १९०३ साली न्यूयॉर्कमधील गणितज्ञांच्या सभेत अमेरिकन गणिती कोलने १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे दोन मूळ अवयव मांडले. त्यांना 'भाग' म्हणण्याचा ज्यांचा आग्रह असेल, त्यांनी त्यांची बेरीज करून पाहावी. ती ७,६२,०३,१९,६५,००८ येते, २१ नव्हे, १२ अंकी.

'पाडणे' राहिलेच. तुकडे पाडतात, तसेच अवयव पाडतात.