संबंधितांनी लक्ष द्यावे

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की ग्रुपवर नुसतं 'सहमत' टाकणारा माणूस घरी आला तर त्याला चहाऐवजी 'सहमत'च द्यावं. तेव्हापासून टपाल वाढलंय. कोणाला कुठला शब्द खुपतो याचीच पत्रं. त्यातली काही इथे घेते.

ताई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने 'पाणी कमी येतंय' म्हटलं की धडाधड सुरू होतं. 'सेम हिअर', 'आमच्याकडे पण', 'सहमत', 'कमिटीने लक्ष द्यावे', 'मेन्टेनन्स कशाचा घेता?' मी कमिटीत आहे. सगळं वाचून हाती काहीच लागत नाही. यातले कुठले शब्द बंद करायला सांगू?
– कमिटी मेंबर, इंदिरानगर

शब्द बंद करून उपयोग नाही हो, दुसरे उगवतील. मी इथल्याच, नाशिकच्या एका दैनिकात वाचकांच्या पत्रांचं टेबल सांभाळायचे. दहातली नऊ पत्रं 'आपल्या लोकप्रिय दैनिकाद्वारे मी संबंधितांचे लक्ष वेधू इच्छितो' अशी सुरू व्हायची आणि 'तरी संबंधितांनी त्वरित लक्ष द्यावे ही नम्र विनंती' अशी संपायची. जागा दीडशे शब्दांची. मी वरचं वाक्य उडवायचे, खालचंही उडवायचे. मधला 'नागरिकांमध्ये तीव्र संताप आहे' हा मजकूरही जायचा. कधी कधी एकच ओळ उरायची: द्वारका चौकात सर्व्हिस रोडच्या तोंडाशी गटाराचं झाकण नाही. ती छापायची. झाकण बसायचंही, अधूनमधून. माणसं तेव्हाही अशीच लिहायची. तुमच्या ग्रुपला लाल पेनवालं टेबल नाही, एवढंच.

म्हणून टेबलाचं काम तुम्ही प्रश्न विचारतानाच करा. 'कोणाकोणाला त्रास आहे?' असं विचारलंत की 'सेम हिअर'च येणार, दुसरं काय येईल? विंग, मजला आणि वेळ विचारा. 'बी विंग, चौथा मजला, सहा ते साडेसहा करंगळीएवढी धार, सातनंतर ठीक' अशी चार उत्तरं आली की प्लंबरशी बोलणं सोपं. एकाच उभ्या लाइनीवरच्या घरांची तक्रार असेल तर त्या लाइनीचा व्हॉल्व्ह बघायला सांगा. सगळ्या विंगची एकाच वेळेची असेल तर वॉचमन मोटर किती वाजता लावतो ते आधी विचारा. आणि 'मेन्टेनन्स कशाचा घेता?' याला उत्तर द्यायला जाऊ नका. विचारणाऱ्याला ते नकोच असतं.

कोणी गेलं की ग्रुपवर एकाखाली एक 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तेच दोन शब्द, तेच हात जोडलेले. निम्म्यांनी तर वरचा कॉपी केलेला असतो. यात भाव कुठे आणि पूर्ण काय? मला चीड येते.
– एक वाचक, कॉलेज रोड

इथे माझं तुमच्याशी पटत नाही. दैनिकात निधनाच्या छोट्या बातम्याही माझ्याकडेच यायच्या. 'अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' रोज तेच. त्याबद्दल एकाही वाचकाने कधी कुरकूर केली नाही, कारण तिथे भाषा कोणी वाचतच नसतं. नाव वाचतात, गाव वाचतात, अमरधामला किती वाजता ते बघतात. दुःखात माणसाला नवीन सुचत नाही आणि सुचूही नये. कोणी तिथे नवीन काही सुचवायला गेलं की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. सांत्वनाला गेल्यावर आपण दारात चप्पल काढतो, आत बसतो, 'वाईट झालं' म्हणतो आणि गप्प बसतो. ग्रुपवर गप्प बसलेलं दिसत नाही, म्हणून हे दोन शब्द.

घासून गुळगुळीत झालेला शब्द दुःखात चालतो, वाढदिवसाला चालतो, दिवाळीला चालतो. वादात चालत नाही, कारण तिथे समोरच्याला तुमच्याकडून काहीतरी कळायला हवं असतं. माझा राग एवढ्यापुरताच आहे.

(श्रद्धांजलीच्या रांगेत मधेच 'टू बीएचके भाड्याने देणे आहे' टाकणाऱ्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. त्याच्यावर चिडा, मी तुमच्याबरोबर आहे.)

माझे सासरे दिवसभर मेसेज पुढे पाठवतात आणि खाली लिहितात, 'जसा आला तसा पाठवला आहे.' त्यांना कसं सांगू?
– सूनबाई, पंचवटी

तुमच्या पंचवटीतलंच उदाहरण घेऊ. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक एकच विचारतं, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. आपली मोजपट्टी तीच. त्याच सुमाराला २०१९ च्या पुराचा व्हिडिओ 'आत्ताची परिस्थिती' म्हणून फिरायला लागतो, खाली 'जसा आला तसा'. रामकुंडाजवळ ज्याचं दुकान आहे तो माल वर चढवायला धावतो, आणि तिथे पाणी असतं पायरीशी. दुसरा नमुना 'उद्या शहरात पाणी येणार नाही'. तारीखच नाही, त्यामुळे हा 'उद्या' महिनाभर उद्याच राहतो.

'फॉरवर्डेड' ही पाटी व्हॉट्सॲप २०१८ पासून आपणहून लावतंच. खूप फिरलेल्या मेसेजला दोन बाण येतात आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे मेसेज आलेला आहे हे सासऱ्यांनी वेगळं सांगायची गरज उरलेली नाही. 'खरंखोटं माझ्यावर नको' एवढंच त्या ओळीत शिल्लक राहतं.

तोंडावर असं बोलू नका अर्थातच. 'बाबा, हा कोणत्या तारखेचा?' एवढं विचारा, दर वेळी, चहा देता देता. रागावतील एकदा. मग पाठवण्याआधी स्वतःच तारीख शोधायला लागतील, नाहीतर तुम्हाला त्या ग्रुपातून काढतील. दोन्हीत तुमचा फायदा.

'खरा नाशिककर असं बोलणार नाही' हे वाक्य मिसळीपासून सिंहस्थापर्यंत प्रत्येक वादात येतं. आम्ही मूळचे धुळ्याचे. मुलांचा जन्म इथला. आम्ही कोण?
– सिडको

मिसळीवर पापड मोडून खाता ना? झालं तर मग.

मी नाशिकरोडची. वडील प्रेसमध्ये होते. आमच्याकडे प्रेस म्हणजे नोटांची आणि टपाल तिकिटांची, वर्तमानपत्राची नव्हे. लहानपणी आम्ही 'नाशिकला जाऊन येतो' असंच म्हणायचो. १९८२ साली महानगरपालिका झाली, नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर एका पाटीखाली आले, तेव्हा कागदोपत्री मी नाशिककर झाले. सातपूर-अंबडचे कारखाने जळगाव-धुळ्याकडच्या माणसांनी चालवले, तुमचं सिडको त्यांनीच भरलं. खरे नाशिककर वेगळे काढायला बसलं तर अर्धं शहर रिकामं होईल.

हे वाक्य येतं कधी ते बघा. समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर नसलं की त्याचा पत्ता तपासतात. तुम्ही मुद्दा तसाच पुन्हा लिहा, धुळ्याचा उल्लेखही करू नका.

मॅडम, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गंगापूरचं पाणी जायकवाडीला सोडण्यावर ग्रुपवर काही लिहिलं तर एका काकांनी उत्तर दिलं, 'बाळा, अभ्यास वाढव.' मी गप्प बसले.
– गंगापूर रोड

गप्प का बसलीस? 'कुठून सुरू करू, काका?' असं विचारायचंस. ज्याचा अभ्यास आहे तो लगेच सांगतो, त्याला तेवढंच हवं असतं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आहे ते वाच, मग मेंढेगिरी समितीचं पाणीवाटपाचं सूत्र बघ, असं तो म्हणेल. त्या सूत्रात १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा किती हे बघतात, ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, आणि वाद त्याच आकड्याभोवती फिरतो. एवढं कळलं की तू 'हक्काचं पाणी' या दोन शब्दांपलीकडे बोलू शकतेस. हे शब्द नाशिकचे लोक वापरतात, संभाजीनगरचेही वापरतात, दोघं तितक्याच जोरात.

काकांनी यातलं काही सांगितलं तर आभार मान. 'गुगल कर' म्हणाले तर त्यांना ६५ टक्क्यांचं विचार आणि थांब.

'ॲडमिन झोपलेत का?' रोज रात्री साडेअकराला. काय लिहू?
– ॲडमिन, मेरी

काही लिहू नका. अकरा वाजता 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' ही सेटिंग लावा, सकाळी सातला काढा. आणि झोपा.