ग्रंथपालांकडे जाताना नेमका प्रश्न घेऊन जा

प्रकल्पाचा विषय ठरला की पहिल्याच आठवड्यात ग्रंथपालांना भेट. ‘पाण्यावर काहीतरी हवंय’ असं मोघम बोलू नकोस. ‘भूजलपातळी का खालावते, यावरचं गेल्या दहा वर्षांतलं संशोधन हवंय’ असं सांग. प्रश्न नेमका असला की त्यांनाही शोधायला हुरूप येतो, हे मी कितीदा पाहिलंय.

पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीतला आकडा वाचायला शीक. बऱ्याच ग्रंथालयांत १८७६ सालची ड्यूई दशांश पद्धत असते: ५०० म्हणजे विज्ञान, ५५१ भूविज्ञान आणि ५५१.४९ म्हणजे थेट भूजल! हवं ते पुस्तक मिळालं तरी लगेच निघू नकोस, शेजारची चार-पाच चाळून बघ. कॅटलॉगमध्ये शोधायचं सुचलंही नसतं, ते तिथं हाती लागतं.

एक चांगला लेख सापडला की आधी त्याची संदर्भसूची उघड, पुढचे धागे तिथंच मिळतात. लेखासाठी वेबसाइट पैसे मागत असेल तर भरू नकोस. ग्रंथालयाचं लॉगिन वापर, नाहीतर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येईल का ते विचार.

आणि हो, टिपण काढतानाच पानाचा क्रमांक लिही. एका ओळीसाठी अख्खं पुस्तक पुन्हा चाळण्यात माझी एक रात्र गेलीय.