वाचकांचे प्रश्न : पिल्लू नर की मादी?

प्रश्न : खुडूक कोंबडीखाली गावरान अंडी बसवली, 22 पिल्लं निघाली. मोबाइलवरच्या व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी पंख उघडून पाहिले, तर 19 माद्या आणि 3 नर असा हिशेब लागला. यावर विश्वास ठेवावा का? (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : ठेवू नका. तुमच्या पाहण्यात चूक नाही, पण ही परीक्षा गावरान पिल्लांसाठी नाही.

व्हिडिओत सांगितलेली पद्धत अशी. अंगावरचं ओल वाळलेलं, पण दोन दिवसांच्या आतलं पिल्लू घ्यायचं आणि पंख पंख्यासारखा हलकेच पसरायचा. पंखाच्या कडेला पिसांच्या दोन रांगा दिसतात. खालची रांग मुख्य पिसांची, वरची तिच्या बुडाला झाकणाऱ्या पिसांची. खालची पिसं वरच्यांपेक्षा ठळक लांब असतील तर मादी. दोन्ही सारखी किंवा खालची आखूड असतील तर नर. तिसऱ्या दिवसानंतर हा फरक पुसट होत जातो, म्हणून उशीर चालत नाही.

हे खरं ठरायला आईबाप ठरवून निवडावे लागतात. बाप लवकर पिसं येणाऱ्या वाणाचा हवा आणि आई उशिरा पिसं येणाऱ्या वाणाची. पिसांचा हा गुण लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असतो. कोंबडी आपलं झेड फक्त मुलांना देते, मुलींना देत नाही. म्हणून मुली बापावर जाऊन लवकर पिसं काढतात. मुलांना आईचा उशिराचा गुणही मिळतो आणि तो वरचढ असल्यामुळे त्यांची पिसं मागे राहतात. मोठ्या हॅचरीत अशा जोड्या जपलेल्या असतात. गावरानात आई आणि बाप दोघंही बहुधा लवकर पिसं येणारे असतात, त्यामुळे जवळपास सगळीच पिल्लं ‘मादी’ दिसतात. तुमचे 19 हे त्याचंच फळ. उरलेल्या तिघांच्या पूर्वजांत कुठेतरी सुधारित जातीचं रक्त आलं असेल, एवढंच फार तर म्हणता येईल.

गावरानात थांबण्याला पर्याय नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मादीची शेपटी आणि पाठ पिसांनी भरायला लागते. नराची शेपटी बुटकी आणि पाठ बरेच दिवस उघडी राहते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात नराचा तुरा मोठा आणि गुलाबी होतो, चोचीखालच्या पाळ्या दिसू लागतात, पायाची नळी जाड वाटते. इथेच बहुतेकांची गफलत होते. जंत, रक्ती हगवण किंवा अपुरं खाद्य यांमुळे नराचाही तुरा फिका आणि खुरटा राहतो आणि तो मादीत मोजला जातो. असील असेल तर तुऱ्यावर मुळीच जाऊ नका. त्या जातीचा तुरा मुळातच बारका. खांद्याकडे पाहा. रंगीत गावरानात पंखाच्या वरच्या भागावर लालसर, विटकरी ठिगळं उमटली तर तो बहुतेक कोंबडाच. मादीचा रंग एकसारखा, मातकट पसरलेला असतो.

खात्रीचा पुरावा दहाव्या ते बाराव्या आठवड्यानंतर मिळतो. शेपटीच्या बुडाशी, पाठीवरची पिसं बोटाने उचलून पाहा. लांब, अरुंद, टोकदार आणि चकाकणारी असतील तर नर. टोकाशी गोल असतील तर मादी. मानेवरही हाच फरक दिसतो, पण उघड्या मानेच्या कोंबड्यांत तिथे पाहायला काही नसतं, म्हणून पाठ पाहण्याची सवय बरी. तोपर्यंत अंदाज लक्षात ठेवायला पायात रंगीत प्लॅस्टिकची कडी घाला, मात्र दर पंधरा दिवसांनी बदला. पाय जाड होतो आणि कडी मांसात रुतते.

प्रश्न : टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते, हे खरं का? (एक वाचक, लांजा)

उत्तर : नाही. अंड्याचा आकार त्या कोंबडीच्या अंडनलिकेवर अवलंबून असतो. एकच कोंबडी वर्षभर साधारण एकाच घडणीची अंडी घालते आणि त्यांतून दोन्ही निघतात. लिंग आईच्या बीजावरून ठरतं आणि कवच त्यानंतर चढतं. दोऱ्याला बांधून अंड्यावर धरलेली सुई किंवा अंगठी धरणाऱ्याच्या हातामुळे फिरते. इनक्युबेटरचं तापमान वाढवून माद्या मिळवण्याचा प्रयोगही करू नका. कासव-मगरींच्या अंड्यांत तापमानाने लिंग ठरतं, कोंबडीच्या नाही. उलट आतली पिल्लं दगावतील. प्रमाण निम्मं-निम्मं असलं, तरी दहा पिल्लांच्या खेपेत 7-3 किंवा त्याहून विषम वाटणी साधारण तीन खेपांतून एकदा येते. म्हणूनच असे आडाखे ‘खरे’ ठरल्यासारखे वाटतात.

प्रश्न : पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखता येतील अशी पिल्लं घरीच काढता येतील का? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : येतील, रंगावरून. ऱ्होड आयलंड रेडचा लाल कोंबडा आणि पट्टेरी प्लायमाऊथ रॉकच्या कोंबड्या अशी जोडी लावा. पिल्लं काळी निघतात. डोक्यावर पांढरट ठिपका असलेला नर, डोकं सबंध काळं ती मादी. पुढे नरांच्या अंगावर पट्टे येतात, माद्या काळ्याच राहतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो.

जोडी उलटी लावली, म्हणजे पट्टेरी कोंबडा आणि लाल कोंबडी, तर सगळ्याच पिल्लांच्या डोक्यावर ठिपका येतो आणि मेहनत वाया जाते. कारण वर सांगितलेलंच : पट्ट्यांचा गुणही झेडवर आहे. याच कारणामुळे या पिल्लांची आपापसात पैदास केली तर पुढच्या पिढीत ठिपक्यावरून काही कळत नाही. दर वेळी मूळ शुद्ध जोडीच लागते. आणखी एक : आधीचा कोंबडा वेगळा केल्यावर तीन आठवडे अंडी बसवू नका. त्याचं बीज कोंबडीच्या अंडनलिकेत दोन-तीन आठवडे टिकतं.

प्रश्न : पिल्लाची गुदा दाबून नर-मादी ओळखतात, ते शिकावं का? (एक वाचक, निफाड)

उत्तर : घरगुती कळपासाठी नको. ही पद्धत 1920च्या दशकात जपानमध्ये विकसित झाली. विष्ठा दाबून काढून गुदा उलटवतात आणि आत टाचणीच्या डोक्याएवढा चकचकीत उंचवटा आहे का ते पाहतात. अनेक माद्यांतही छोटा उंचवटा असतो. नराच्या उंचवट्याशी त्याचा फरक ओळखायला शेकडो पिल्लं रोज हाताखालून जावी लागतात. पहिल्या दिवसानंतर ते अवघडच होतं. नवख्याच्या हाताने पोटातली बलकाची पिशवी फुटते आणि पिल्लू मरतं.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या योजनेतल्या तलंग (वाढीच्या वयाच्या पक्ष्यांच्या) गटात 25 माद्या आणि 3 नर मिळतात. ताब्यात घेताना मोजून कशा घ्याव्यात? कडकनाथ असतील तर? (एक वाचक, अकोले)

उत्तर : या गटातले पक्षी 8 ते 10 आठवड्यांचे असतात, म्हणजे पाठीची टोकदार पिसं अजून पुरती आलेली नसतात. म्हणून एकेक पक्षी सुटा पाहू नका. एका जातीचे, एका वयाचे पक्षी शेजारी ठेवून तुलना करा. उजेडात घ्या. तुरा आणि पाळ्या सर्वांत मोठ्या, पाय जाड आणि उभं राहणं ताठ असे पक्षी आधी बाजूला काढा. ते तीनपेक्षा जास्त भरले तर प्रत्येकाची शेपटीच्या बुडाची पिसं उलटून पाहा. तिथे नव्याने फुटणारं एखादं जरी अरुंद, टोकदार पीस दिसलं तरी तो पक्षी माद्यांत घेऊ नका. कडकनाथमध्ये तुरा काळा-जांभळा असतो, त्यामुळे लाली शोधत बसू नका. तुऱ्याचा आकार आणि पाठीची पिसंच पाहा.

प्रश्न : दोन वर्षांची कोंबडी अंडी द्यायची थांबली आणि आरवू लागली. ती कोंबडा झाली का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : पूर्ण नाही. कोंबडीचं फक्त डावं बीजांड काम करतं. ते गाठीने किंवा संसर्गाने निकामी झालं, की उजवीकडची सुप्त ग्रंथी वाढून नराचे स्राव देऊ शकते. तुरा वाढतो, पुढच्या पिसांच्या झडीनंतर टोकदार पिसं येतात, आरवणं सुरू होतं. पिल्लांचा बाप म्हणून तिचा भरवसा धरू नका. कळपात कोंबडा नसेल तर वरचढ कोंबडी नुसती सवयीनेही आरवते, म्हणून तिला घाईने रश्शात घालू नका. आधी कोंबडा आणून पाहा आणि ती पुन्हा अंड्यावर येते का ते महिनाभर तपासा.