नोकरी सांभाळून सीएफए : आठवड्याचे बारा तास कुठून आणायचे?

प्रश्न : मी बी.कॉम. आहे आणि हिंजवडीत फंड अकाउंटिंगचं काम करतो. ऑफिस साडेनऊ ते साडेसहा, जाण्यायेण्यात दोन तास मोडतात. फेब्रुवारीत सीएफए (चार्टर्ड फायनान्शिअल अ‍ॅनालिस्ट) परीक्षेची लेव्हल १ द्यायची आहे, हातात २६ आठवडे आहेत. रोज रात्री दोन तास बसायचं ठरवतो, पण आठवडाभरातच गाडी अडते. वेळापत्रक कसं आखावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : रोज रात्रीचे दोन तास हेच मुळात चुकतंय. दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घातल्यावर रात्री व्हिडिओ बघून होतात, गणितं सुटत नाहीत. बैठक सकाळी हलवा.

साधारण ३०० तास लागतात असं धरा. २६ आठवड्यांतले तीन आत्ताच खोडून टाका : गणपती, दिवाळी आणि तिमाही क्लोजिंग. शेवटचे पाच उजळणीला. उरले १८. सोमवार ते गुरुवार सकाळी सव्वा तास, शनिवारी तीन, रविवारी चार, असे आठवड्याला १२ तास, म्हणजे २१६. शेवटच्या पाच आठवड्यांत १७ तासांप्रमाणे ८५. बेरीज ३०१. शुक्रवार मुद्दाम मोकळा ठेवलाय. आठवड्यात बुडालेली एक बैठक तिथे भरून निघते. बसमधला वेळ यात धरू नका, तिथे फार तर सूत्रं चाळा.

सुरुवात क्वांटपासून (गणिती पद्धती), दोन आठवडे. पैशाचं कालमूल्य (आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोलाचा, हा हिशेब) पक्कं नसेल तर फिक्स्ड इन्कम (बाँड) आणि डेरिव्हेटिव्ह्ज दोन्ही अडतात. मग फायनान्शिअल स्टेटमेंट्सला चार, फिक्स्ड इन्कमला तीन, इक्विटी आणि पोर्टफोलिओला दोन-दोन, डेरिव्हेटिव्ह्जला एक. इकॉनॉमिक्स, कॉर्पोरेट इश्युअर्स आणि अल्टरनेटिव्ह्ज मिळून तीन. अठरावा आठवडा एथिक्सचा. त्याचं वजन १५ ते २० टक्के, तरी तो शेवटी. कारण त्यातले बारकावे महिन्याभरात पुसट होतात. पुढचे पाच आठवडे त्याचे रोज दहा प्रश्न सोडवा.

बी.कॉम.वाले स्टेटमेंट्स ‘येतातच’ म्हणून उरकतात आणि तिथेच फसतात. आपल्याकडे इंड एएसमध्ये (भारतीय लेखामानकांत) बँका-वित्तसंस्था सोडल्या, तर भरलेलं व्याज कॅश फ्लोच्या फायनान्सिंगमध्ये जातं. यूएस गॅपमध्ये (अमेरिकी लेखानियमांत) ते ऑपरेटिंगमध्ये धरतात. लिफोही (शेवटी आलेला माल आधी खपला असं धरणारी साठ्याची पद्धत) तसाच : यूएस गॅपला चालतो, आयएफआरएसला (आंतरराष्ट्रीय लेखामानकांना) नाही. सवयीने खूण केली की मार्क गेला.

कॅल्क्युलेटर पहिल्याच दिवसापासून परीक्षेत चालणाराच वापरा. बीए टू प्लस किंवा एचपी १२सी, दुसरा चालत नाही. बीए टू प्लसमध्ये पी/वाय (वर्षातले हप्ते) १ आहे का, ते बघा. प्रत्येक गणिताआधी टीव्हीएम (कालमूल्याचे मागचे आकडे) क्लिअर करा. समजा पाच वर्षांचा, ८ टक्के वार्षिक कूपनचा (व्याजाचा), १०० दर्शनी किमतीच्या बाँडची किंमत ६ टक्के दराने काढलीत : १०८.४२. पुढचा प्रश्न तेवढ्याच मुदतीच्या आणि दराच्या झिरो कूपनचा. पीएमटीत (हप्त्याच्या बटणात) मागचा ८ तसाच राहिला तर पुन्हा १०८.४२ येतं, खरं उत्तर ७४.७३. पेपर काढणाऱ्यालाही ही चूक ठाऊक असते, त्यामुळे असं उत्तर पर्यायांत सापडलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

शेवटच्या पाच आठवड्यांत चार मॉक (सराव परीक्षा), शेवटचा परीक्षेच्या आठवडाभर आधी. सव्वादोन तासांची दोन सत्रं, प्रत्येकी ९० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. मॉक तपासायला सोडवण्याइतकाच वेळ द्या आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा : माहीतच नव्हतं, वाचण्यात चुकलं, बटण चुकलं की वेळ संपला. ‘वाचण्यात चुकलं’ जास्त असतील तर धडे पुन्हा वाचून काही साधणार नाही. प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची सवय लावा.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. प्रॅक्टिकल स्किल्स मॉड्यूल (परीक्षेसोबतचा छोटा प्रात्यक्षिक अभ्यासक्रम) पूर्ण केल्याशिवाय निकाल हाती पडत नाही. त्याचे १० ते १५ तास वरच्या हिशेबात नाहीत; नाताळच्या सुट्टीत उरका. अर्जित रजा परीक्षेच्या आधीच्या आठवड्यासाठी राखा आणि साहेबांच्या कानावर आत्ताच घाला.

प्रश्न : पास व्हायला किती टक्के लागतात?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : टक्केवारी परीक्षा घेणारी संस्था जाहीर करत नाही. मॉकमध्ये सातत्याने ७० च्या वर असाल तर बरं चाललंय. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि पर्याय तीनच असतात, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.