जुनी आरसी10 (रिमोटवर पळणारी शर्यतीची छोटी गाडी) दुर्मिळ पार्ट जमवून उभी करायची आहे. इथे बनवून घेतलेले पार्ट घातले तर ती ओरिजिनल राहते का?

तुमच्याकडे आरसी10 ची सोनेरी चेसिस (खालचा सांगाडा) आणि पुढचे दोन आर्म (चाकं धरणारे हात) आहेत. बाकीचं जमवायला किती खर्च येईल आणि जे मिळणारच नाही ते इथे बनवून घेतलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. खाली एकाने लिहिलंय की लेथवर (कातकामाच्या मशीनवर) केलेला एक जरी पार्ट आत गेला तर गाडी मेली, आणि भारतात बसून हा नाद करूच नये. ते वाचून रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

गाडी ओरिजिनल राहते. माझ्याकडे आहे, दर रविवारी पळते, आणि तिचे मागचे दोन्ही ॲक्सल (चाकांचे दांडे) नाशिकच्या सातपूरला बनलेत.

माझे मामा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. 1988 च्या मे महिन्यात पंचवटीतल्या वाड्यावर आले, तेव्हा ट्रंकेत या गाडीचं किट होतं. सगळं सुटं, पुड्यांमध्ये भरलेलं. ओसरीवर चादर अंथरून चार रात्री आम्ही ती बांधली. मी तेव्हा सातवीत होतो, मामेभाऊ दहावीत. मामा प्रत्येक स्क्रू हातात द्यायच्या आधी त्याच्या आट्यांवरून नख फिरवायला लावायचे. "हे इंची आटे आहेत. घरातला स्क्रू यात घालायचा नाही," हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की आजही स्क्रू उचलला की नख आपोआप फिरतं.

गाडी कसली आहे हेही त्यांनीच सांगितलं. 1984 मध्ये टीम असोसिएटेड या अमेरिकन कंपनीने ती काढली, डिझाइन रॉजर कर्टिस यांचं. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात डेल मारला ऑफरोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि टू व्हील ड्राइव्हमध्ये जे हॅल्सी हीच गाडी घेऊन जिंकला. खेळण्यातली गाडी आणि शर्यतीची गाडी यांतला फरक मला त्या ओसरीवर कळला. शॉक (धक्के झेलणारा दांडा) हातात धरून दाबला की आतलं तेल सावकाश सरकतं आणि दांडा न उसळता परत वर येतो. तसं काही मी तोवर पाहिलं नव्हतं.

डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर आम्ही ती पळवायचो. निकेल कॅडमियमची 7.2 व्होल्टची बॅटरी सहा-सात मिनिटांत संपायची, पण तेवढ्यासाठी निम्मा गंगापूर रोड गोळा व्हायचा. तिसऱ्या रविवारी रिमोट माझ्या हातात होता. गाडी कडेच्या दगडावर गेली, मागचा डावा ॲक्सल आट्यांच्या मुळाशी तुटला आणि चाक एकटंच गडगडत गेलं. मला रडू फुटलं. मामांनी तुकडा उचलला, उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, "एवढंच ना? जहाजावर लेथ आहे. करून आणतो."

त्या सफरीवरून मामा परत आले नाहीत. जहाजावरच हार्ट अटॅक आला.

आता खरा मुद्दा. मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, गेली कित्येक वर्षं म्हणतोय की बाबा "करून आणतो" म्हणाले नव्हते, "घेऊन येतो" म्हणाले होते. म्हणजे नवीन, कंपनीचा, पाकिटातला. या एका शब्दावरून आमच्यात दोन दिवाळ्या अबोला झालाय.

गाडी वाड्याच्या तळमजल्यावर ट्रंकेतच राहिली. 2008 च्या पुरात तिथे पाणी शिरलं, ट्रंकेत चार बोटं गाळ. पुढे वाडा पाडायला काढला तेव्हा मामींनी ट्रंक माझ्या हवाली केली, म्हणाल्या, "तुटली तेव्हा तूच रडला होतास, तूच बघ." स्टीलचं जे होतं ते गंजून गेलं होतं. नायलॉन जसंच्या तसं. चेसिसचा सोनेरी रंग मी साबणाचं पाणी आणि दात घासायचा मऊ ब्रश घेऊन तीन दिवस साफ केला. तुम्हीही तेवढंच करा. ॲनोडायझिंगवर कॉस्टिक किंवा मोरी साफ करायचं काही टाकलं तर रंग निघून येतो आणि खाली पांढरं ॲल्युमिनियम उरतं.

प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मॅन्युअल सापडलं. कडा कुजलेल्या. मागच्या कोऱ्या पानावर मामांच्या हातचं पेन्सिलचं ड्रॉइंग होतं: ॲक्सल, बाजूने आणि समोरून, प्रत्येक माप इंचात, टोकाला 8-32 असे आटे (हे इंची आट्यांचं एक माप) लिहिलेले. शाई असती तर पाण्यात पसरली असती, पेन्सिल टिकली. विकत आणायच्या पार्टाचं ड्रॉइंग कोण काढतं? मी ते पान दादासमोर ठेवलं. तो म्हणाला, "ते दुकानात दाखवायला असेल."

मी स्वतः अंबडला टूलरूममध्ये आहे, तरी हे दोन नग करून घ्यायला चार महिने लागले. सीएनसीवाले (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवाले) पहिला प्रश्न विचारतात, किती नग? दोन म्हटलं की चहा पाजतात आणि वाटेला लावतात. शेवटी ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका भेटले. सातपूरला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा एक जुना लेथ आहे, आटे पाडताना टूल सरकवणारा त्याचा लीड स्क्रू इंची. 8-32 म्हणजे इंचाला 32 आटे, त्या लेथला गिअर बदलले की झालं. मेट्रिकमध्ये याच्या जवळ एम4 येतो, पण त्याचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 0.7 मिमी आणि याचा 0.79. दोन आटे फिरतात, तिसऱ्याला अडतं.

काकांनी ईएन24 या चिवट स्टीलचा टेम्पर केलेला बार घेतला. पहिला ॲक्सल झाला, मापात होता, मला पसंत होता. त्यांनी मामांच्या वेळचा तुटका तुकडा भिंगाखाली धरला आणि स्वतः केलेला नग बाजूला टाकला. म्हणाले, "आटे संपतात तिथे कोपरा धारेचा राहिलाय. दगड लागला की तडा इथूनच जाणार." मग टूल पुन्हा घासलं, टोकाला बारीक गोलाई दिली आणि आट्यांच्या मुळाशी तसाच गोल गळा काढला. दोन नगांना अर्धा दिवस गेला. नट फिरवला तर शेवटपर्यंत बोटाने गेला, कुठेही खडखड नाही. पैसे घेताना त्यांनी पहिल्या, टाकलेल्या नगाचे धरले नाहीत.

असा पार्ट आत गेल्यावर गाडी मेली म्हणणाऱ्याने तो एकदा हातात घेऊन बघावा. शर्यतीची गाडी शर्यतीत तुटते आणि पुन्हा बांधली जाते. जिंकणाऱ्यांनीही त्या काळी चेसिसला भोकं पाडली, पार्ट बदलले. दादाला ती काचेच्या कपाटात हवी आहे, वर चेसिसला नवीन ॲनोडायझिंगही करून हवंय. म्हणजे त्याच्या बाबांच्या हाताखालचे ओरखडे पुसून टाकायचे, आणि त्यांनी स्वतः आखलेला ॲक्सल मात्र परका!

तुमच्या खर्चाच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर माझ्याकडे नाही, कारण मी आठ वर्षांत तुकड्या-तुकड्याने घेतलंय. दोन ॲक्सलना 1,800 रुपये लागले. गिअरबॉक्सच्या आतलं एक गिअर अमेरिकेतून जुनं मागवलं, त्याला चौदा महिने वाट पाहिली. ड्यूटी आधी मोजा: खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी 2020 च्या अर्थसंकल्पात 20 वरून 60 टक्के झाली, 2023 मध्ये 70. तेव्हा सुटं-सुटं मागवू नका, यादी करून एकदाच मागवा. 2013 मध्ये कंपनीने हीच गाडी क्लासिक म्हणून पुन्हा काढली होती. तिचे पार्ट आधी शोधा, पुष्कळसे जुन्या गाडीला लागतात.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एम3 चा (मेट्रिक) स्क्रू 4-40 च्या (इंची) भोकात दाबून घालू नका, एम3 जाडीला मोठा असतो, आटे कापत जातो. तुमचे जुने आर्म लगेच लावू नका. नायलॉन वर्षानुवर्षं कोरडं राहिलं की कडक होतं, पंधरा मिनिटं पाण्यात उकळून त्याच पाण्यात गार होऊ द्या, चिवटपणा बराचसा परत येतो. जुन्या 27 मेगाहर्ट्झच्या रिमोटचे क्रिस्टल (फ्रिक्वेन्सी ठरवणारे तुकडे) शोधत बसू नका, 2.4 गिगाहर्ट्झचा घ्या, रिसीव्हर आत असतो, कुणाला दिसत नाही. लिपो बॅटरी लावणार असाल तर भरलेल्या टू एसचा (दोन सेलच्या बॅटरीचा) व्होल्टेज 8.4 असतो हे लक्षात ठेवा, आणि लो व्होल्टेज कट-ऑफ (बॅटरी फार उतरली की मोटर बंद करणारी सोय) असलेलाच स्पीड कंट्रोलर घ्या. आणि हो, सगळंच इथे बनवा असं मी म्हणत नाही. पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) आणि स्पर (ते फिरवतं ते मोठं गिअर) विकतच घ्या. त्यांच्या दातांचं इंची माप 48 पिच, म्हणजे मेट्रिकमध्ये मॉड्यूल 0.529 पडतं. इथला गिअर कापणारा 0.5 चं टूल लावून "चालून जाईल" म्हणतो, ते चालत नाही, दोन बॅटऱ्यांत स्परचे दात खातं.

दादा हे वाचेल, त्याला लिंक पाठवणारच आहे. दादा, रविवारी सकाळी सातला मैदानावर ये. मॅन्युअलचं ते पान आणतो, तूच अक्षर ओळख. पहिली बॅटरी तुझी, रिमोट तुझ्या हातात.