ट्रायम्फ ६५० या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलच्या इंजिनात फक्त पिस्टनच्या रिंगा बदलून भागेल की ते पूर्ण उघडावे लागेल, आणि हे काम घरी होईल का?

तुमची ट्रायम्फ ६५० ही १९६३ नंतरची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेली आहे, अनेक वर्षे बंद राहून ती आता सुरू होते, पण निळा धूर सोडते, असे तुम्ही लिहिले आहे. या इंजिनांवर मी बरीच वर्षे घरीच काम करत आलो आहे, त्या आधारावर सांगतो की हे काम घरी करता येते. मात्र ज्या इंजिनाचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, त्यात वरच्या वर रिंगा बदलून थांबू नये, क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यापर्यंत, जावे.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. या गाडीत तेल इंजिनाखाली नव्हे तर वेगळ्या टाकीत असते, आणि गाडी बराच काळ उभी राहिली की पंपातील झडपेच्या गोळीखालून ते हळूहळू क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या खालच्या आवरणात, उतरते. अशी गाडी सुरू केल्यावर काही मिनिटे भरपूर धूर येतो आणि टाकीत तेल परतले की तो थांबतो. धूर थांबत असेल तर पिस्टनला दोष देण्याआधी पंपाकडे पाहावे. इंजिन चांगले तापल्यावरही, विशेषतः थ्रॉटल उघडल्यावर, धूर येतच राहिला तर मात्र रिंगा, बोअर (सिलिंडरचे आतले भोक) किंवा व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) झिजले आहेत असे समजायला हरकत नाही.

आता पूर्ण उघडण्याचा आग्रह का, ते सांगतो. पंपातून निघालेले तेल टायमिंग कव्हरमधील वाटेने एका छोट्या ऑइल सीलमधून क्रँकशाफ्टच्या टोकात शिरते, क्रँकशाफ्टच्या पोटात बसवलेल्या एका नळीतून दोन्ही बिगएंड बेअरिंगांना (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची बेअरिंग) पोचते, आणि तिथून उडालेल्या तेलावर सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टन जगतात. या मार्गावर बारीक जाळीखेरीज खरे फिल्टर नाही. त्यामुळे तेलातील जड कण क्रँकशाफ्टच्या फिरण्याने बाहेरच्या बाजूला फेकले जाऊन त्या नळीत साचतात. नळीची योजनाच गाळ अडवण्यासाठी आहे. पण ती अमर्याद गाळ धरू शकत नाही, आणि ती भरली की बिगएंडला तेल मिळेनासे होते. बाहेरून याचा कसलाही सुगावा लागत नाही. तेलाचा दाब दाखवणारा काटासुद्धा उलट छान दाब दाखवू शकतो, कारण अडथळा त्याच्या पुढे आहे. अशा इंजिनात नवे पिस्टन घालून, जुना गाळ सैल करू शकणारे आजचे तेल भरून ते जोमाने चालवले, तर कनेक्टिंग रॉड क्रँककेस फोडून बाहेर येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. या इंजिनाची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः तेलाचा मार्ग टाकीपासून टाकीपर्यंत पुन्हा मोकळा आणि घट्ट करणे, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढचे सारे मी त्याच दृष्टीने सांगत आहे.

हत्यारांविषयी थोडक्यात. मिलिमीटरचे पाने इथे चालत नाहीत. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पाने आणि सॉकेट घ्या. साठच्या दशकाच्या अखेरीस कारखाना टप्प्याटप्प्याने यूएनएफ या इंचातल्याच दुसऱ्या पद्धतीच्या आट्यांकडे वळला, त्यामुळे एकाच गाडीत दोन पद्धतींचे बोल्ट सापडतात. बसतोय म्हणून बोल्ट दामटू नका, आधी आटे ओळखा. याशिवाय टॉर्क रेंच, फीलर गेज, मायक्रोमीटर, आणि क्लच हब व क्रँकशाफ्टवरील टायमिंग पिनियन यांसाठीचे खास पुलर लागतात. पुलरऐवजी हातोडा आणि पहार वापरून पिनियन काढण्याचा मोह टाळावा. तुमच्या गाडीच्या वर्षाचे वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट्स बुक जवळ असल्याशिवाय पहिला नटसुद्धा सैल करू नये. दोन्ही कॅमशाफ्टांवरील नट डाव्या आट्याचे आहेत, ही माहिती ऐनवेळी हाताशी नसेल तर नुकसान ठरलेले आहे.

उघडताना प्रत्येक भागाचा फोटो घ्या आणि सुटे भाग पिशव्यांत चिठ्ठी घालून ठेवा. क्रँककेसच्या दोन्ही अर्ध्या भागांच्या खालच्या बाजूला कोरलेले क्रमांक जुळतात का तेही पाहून ठेवा, कारण हे दोन अर्धे जोडीने बोअर केलेले असतात आणि वेगवेगळ्या इंजिनांचे अर्धे एकत्र केले तर बेअरिंगांची रेष चुकते.

क्रँकशाफ्ट बाहेर आली की त्या नळीकडे वळा. मधले फ्लायव्हील तीन बोल्टांनी बसवलेले असते आणि त्यांपैकी एका बोल्टचे टोक नळीच्या छिद्रात शिरून तिला जागेवर धरते. तो बोल्ट आधी काढलाच पाहिजे, नाहीतर नळी कितीही ओढली तरी हलत नाही. नळीच्या तोंडावर खाच असलेला आटेदार प्लग असतो आणि तो फिरू नये म्हणून त्याच्या कडेला पंचाने ठोकून अडकवलेले असते. ती खूण आधी बारीक ड्रिलने काढून टाकावी, भोवतालचा भाग गरम करावा, मग खाचेत नीट बसणारे जाड पाते लावून इम्पॅक्ट ड्रायव्हरने प्लग सैल करावा. पात्याची रुंदी खाचेपेक्षा कमी असेल तर खाच फाटते आणि सोपे काम लेथवाल्याकडे जाते. आतून जे निघते त्याला गाळ म्हणणेही सौम्य ठरेल. नळीच्या एका बाजूला चिकटलेला तो काळा-करडा थर कित्येकदा खरवडूनच काढावा लागतो. नळी आणि क्रँकशाफ्टमधील प्रत्येक छिद्र रॉकेलने व बारीक ब्रशने साफ करून हवेच्या झोताने फुंकून घ्या. क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला द्यायची असेल तरी प्लग आधी काढा आणि ग्राइंडिंगनंतर हीच सफाई पुन्हा करा, कारण घासकामाची बारीक पूड त्याच छिद्रांत जाऊन बसते. नळी परत बसवताना तिचे छिद्र बोल्टच्या छिद्रासमोर आले आहे याची खात्री करा, शक्यतो नवे फ्लायव्हील बोल्ट वापरा, आणि शेवटी क्रँकशाफ्टच्या टोकातून तेलाच्या पिचकारीने तेल दाबून ते दोन्ही जर्नलवरच्या (बिगएंड ज्यावर बसते त्या गोल भागांवरच्या) छिद्रांतून बाहेर येते का ते डोळ्यांनी पाहा.

मग मोजमाप. घरच्या माणसाचे खरे काम इथे आहे. बिगएंड जर्नलचे मूळ माप १.६२३५ ते १.६२४० इंच असते. ते मायक्रोमीटरने किमान दोन दिशांनी आणि दोन-तीन जागी मोजा, कारण जर्नल झिजताना गोल राहत नाही. झीज मर्यादेबाहेर असेल किंवा नखाला लागेल असा ओरखडा असेल तर जर्नल ०.०१० किंवा ०.०२० इंचाने कमी करून त्या मापाचे शेल (बेअरिंगची पातळ अर्धगोल कवचे) घालावे लागतात. हे काम जुन्या मोटरसायकलींच्या क्रँकशाफ्ट केलेल्या माणसालाच द्या आणि जर्नलच्या दोन्ही कडांची गोलाई तशीच राखायला आवर्जून सांगा. तिथे धारदार कोपरा राहिला तर पुढे त्याच जागेवरून तडा जातो. बोअर मूळ ७१ मिमी असतो. तो वर, मध्ये आणि खाली, गाडीच्या लांबीच्या आणि रुंदीच्या अशा दोन्ही दिशांनी मोजा. सर्वांत जास्त झीज वरची रिंग जिथे वळते तिथे सापडते. रिबोअर करायचे, म्हणजे बोअर मोठा कापायचे, ठरले तर नवे पिस्टन आधी विकत घ्या आणि सिलिंडरसोबत तेही मशीन शॉपमध्ये द्या, म्हणजे प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनला मोजून कापला जाईल. पिस्टनवर छापलेल्या मापावर विसंबून आधीच बोअर कापून ठेवण्याची घाई मला अजिबात पटत नाही. क्रँकशाफ्ट घासणे, बोअर कापणे, व्हॉल्व्ह गाइड आणि सीट, एवढीच कामे बाहेर द्यावीत. बाकी सारे घरच्या टेबलावर होते.

जोडणी सुरू करताना क्रँककेस साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत सगळीकडून सारखी तापवा, म्हणजे नवी मेन बेअरिंग हाताने ठेवली तरी जागेवर बसतात आणि ठोकावी लागत नाहीत. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट व नट नवे घ्या. कारखान्याच्या जुन्या मॅन्युअलमध्ये ते बोल्ट ०.००४ ते ०.००५ इंच ताणले जाईपर्यंत आवळावेत असे सांगितले आहे, आणि मायक्रोमीटर हाताशी असताना ही पद्धत मला टॉर्क रेंचपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते, कारण ती प्रत्यक्ष ताण मोजते. क्रँककेसच्या दोन अर्ध्यांमध्ये गॅस्केट नसते, फक्त सीलंट असते; त्याचा थर अगदी पातळ द्यावा आणि तेलाच्या छिद्रांपासून दूर ठेवावा. बाहेर ओघळलेले सीलंट दिसते तेवढेच आतही ओघळलेले असते, आणि आतले तुकडे पंपाच्या जाळीत किंवा झडपेत जाऊन अडकतात.

टायमिंगच्या गिअरांबाबत नवखा माणूस हमखास गोंधळतो. क्रँकशाफ्टचे पिनियन, मधले चाक आणि दोन्ही कॅमचाके यांवरील खुणा जुळवून तुम्ही गिअर बसवता, मग इंजिन दोन-चार वेळा फिरवून पुन्हा पाहता, तर खुणा कुठेच जुळत नाहीत. यात काहीही बिघडलेले नसते. मधल्या चाकाला ४७ दात आहेत. ही अविभाज्य (मूळ) संख्या मुद्दाम ठेवली आहे, म्हणजे तेच दात पुन्हा पुन्हा एकमेकांवर येऊन एकाच जागी झिजत नाहीत. त्यामुळे खुणा पुन्हा जुळायला क्रँकशाफ्टचे ९४ फेरे लागतात. बसवताना खुणा जुळल्या होत्या याचा फोटो काढून ठेवा आणि निश्चिंत राहा.

टायमिंग कव्हर बंद करण्यापूर्वी त्यातील ऑइल सील नवे घाला आणि त्याला धरून ठेवणारी सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली आहे ना ते पाहा. सारे तेल याच सीलमधून क्रँकशाफ्टमध्ये जाते. सील फाटले किंवा दाबाने सरकले तर तेल बिगएंडला जाण्याऐवजी सरळ क्रँककेसमध्ये सांडते. कव्हर चढवताना क्रँकशाफ्टचे टोक आणि सीलचा ओठ या दोन्हींना तेल लावून कव्हर सरळ रेषेत, न झटकता सरकवावे. पंपातील गोळ्या आणि त्यांच्या बैठका स्वच्छ करा, आणि पंप चालवणारा पितळी ठोकळा झिजला असेल तर तो बदला. दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्हही याच टप्प्यावर उघडून साफ करावा.

पिस्टन बसवताना या रचनेचा एक फायदा मिळतो. ट्रायम्फचे अभियंते एडवर्ड टर्नर यांनी १९३७ च्या स्पीड ट्विन या मोटरसायकलसाठी योजलेल्या क्रँकशाफ्टप्रमाणे इथेही दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होतात, आणि त्यामुळे ही इंजिने थरथरतात. पण त्याचमुळे क्रँककेसच्या तोंडावर लाकडाच्या दोन सारख्या पट्ट्या ठेवून दोन्ही पिस्टन त्यांवर टेकवता येतात आणि सिलिंडर ब्लॉक वरून सावकाश उतरवता येतो. त्याआधी प्रत्येक रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट फीलर गेजने मोजायला विसरू नका. गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) सर्क्लिप नेहमी नव्याच घ्या आणि त्या बसवताना क्रँककेसचे तोंड स्वच्छ फडक्याने झाका.

हेडखालून गळणाऱ्या तेलासाठी ही गाडी बदनाम आहे, आणि बहुतेक वेळा कारण पुशरॉडच्या नळ्यांवरील रबरी सील हे असते. ती पातळ असली तर तेल गळते. जाड असली तर अधिक वाईट, कारण ती हेडला उचलून धरतात आणि तांब्याचे गॅस्केट कधीच पुरते दाबले जात नाही. म्हणून हेड एकदा कोरडेच ठेवून पाहावे आणि सील किती दबते ते मोजून मगच योग्य जाडी निवडावी. तांब्याचे गॅस्केट मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की मऊ होते. हेडचे नऊ बोल्ट मॅन्युअलमधील क्रमानेच, टप्प्याटप्प्याने आवळा. व्हॉल्व्हची फट तुमच्या गाडीत बसलेल्या कॅमशाफ्टवर अवलंबून असते. ट्रायम्फ ६५० च्या बॉनव्हिल या मॉडेलसाठी ती थंड इंजिनावर इनलेटला ०.००२ आणि एक्झॉस्टला ०.००४ इंच आहे.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी स्पार्क प्लग काढा आणि टाकीकडे परतणाऱ्या नळीतून तेल येताना दिसेपर्यंत किक मारत राहा. सुरू झाल्यावरही टाकीचे झाकण उघडून तेल परत येत असल्याचे लगेच पाहा. ते येत नसेल तर त्याच क्षणी इंजिन बंद करा. मंद गतीवर बराच वेळ उभे ठेवू नका, कारण त्या वेगात कॅमवर पुरेसे तेल उडत नाही आणि रिंगाही बोअरमध्ये नीट बसत नाहीत. इग्निशन पूर्ण आगाऊ स्थितीत, पिस्टन सर्वांत वर येण्याआधी ३८ अंशांवर येते का ते स्ट्रोब दिव्याने तपासा. इंजिन एकदा चांगले तापून पूर्ण थंड झाले की हेडचे बोल्ट पुन्हा आवळा आणि त्यानंतर व्हॉल्व्हची फट पुन्हा मोजा, कारण गॅस्केट दबले की फट बदलते. पहिले तेल थोड्याच अंतरानंतर काढून टाका आणि टाकीतील व क्रँककेसमधील दोन्ही जाळ्या त्याच वेळी काढून पाहा. जाळीवर बारीक चमकती धूळ असेल तर ती नव्या रिंगांची आहे आणि पुढच्या वेळी कमी दिसेल. बोटाला टोचेल असा धातूचा तुकडा सापडला तर तो कुठून आला हे कळेपर्यंत गाडी पुन्हा सुरू करू नका.